ओळखीचा माणूस

मेश्राम सरांच्या टेबलाखाली बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा असे. त्यात बिस्किटं मी कधी पाहिली नाहीत. त्यात चिठ्ठ्या होत्या. कोणाच्या मामांनी दिलेल्या, कोणाच्या साहेबांनी, कोणाच्या आमदारांनी. सगळ्या बंद पाकिटात, आणि सगळ्यांत बहुधा एकच मजकूर: पत्र घेऊन येणारा मुलगा आमच्या ओळखीचा असून होतकरू आहे, तरी त्याचा विचार व्हावा. 'बहुधा' म्हणायचं कारण, सरांनी त्यांतलं एकही पाकीट कधी फोडलं नाही. आणणाऱ्याच्या हातून ते दोन्ही हातांनी पाकीट घेत, "ठेवतो," म्हणत, आणि खरोखरच ठेवत. माणूस खूश होऊन जाई. जबलपुरात तेव्हा निम्मी कामं अशाच चिठ्ठ्यांवर होत, आणि उरलेली निम्मी होत नसत.

माझीही चिठ्ठी त्या डब्यात गेली. कॉलेजच्या ग्रंथालयात मदतनिसाची जागा निघाली होती आणि ग्रंथालय समिती सरांकडे होती. माझे काका नागपूरच्या सचिवालयात. त्यांनी लिहून दिलेलं पाकीट मी सरांपुढे धरलं. सर म्हणाले, "ठेवतो." मग म्हणाले, "आता आत जा. एका कपाटाले वाळवी लागली म्हणून पुस्तकं बाहेर काढली आहेत. संध्याकाळपर्यंत ढीग लाव."

लावला. संध्याकाळी सर आले. पुस्तकं कशी लावलीत हे पाहिलंही नाही. विचारलं, "त्यातलं एखादं उघडून वाचलंस काय?"

मी घाबरत कबूल केलं की तीन वाचली, म्हणजे मधूनमधून, उभ्याउभ्या, आणि म्हणूनच उशीर झाला.

"मंग ये उद्यापासून. एवढा ढीग पाहून ज्याला एकबी पुस्तक उघडावंसं वाटत नाही, त्यानं किराण्याचं दुकान पाहावं."

काकांना मी कळवलं की तुमच्या चिठ्ठीने काम झालं. काकांनी पुढची दहा वर्षं ते नातेवाइकांत सांगितलं.

सर उंच आणि काटकुळे होते. बारा महिने तोच करडा कोट, आणि सायकलची घंटा नादुरुस्त, त्यामुळे सराफ्याच्या गर्दीतून जाताना ते स्वतःच "सरको भैया, सरको" असं एका सुरात म्हणत जायचे. वर्गात इंग्रजी, कचेरीत हिंदी आणि आमच्याशी भंडाऱ्याकडची मराठी. तिन्ही भाषा त्यांनी तीन कपाटांत ठेवल्यासारख्या वेगळ्या ठेवल्या होत्या. भाषेवरून राज्यं वेगळी झाली तेव्हा मराठी नोकरदारांना कुठे जायचं ते लिहून द्यायला सांगितलं होतं. ज्याला जमलं तो नागपूरकडे गेला. सरांनी 'जबलपूर' लिहिलं. लोकांनी तर्क लढवले. खरं कारण ग्रंथालयाच्या मागच्या भिंतीपाशी होतं. कोण्या इंग्रज प्राचार्याने जाताना ठेवून दिलेले लाल कातडी बांधणीचे सोळा खंड, अमेरिकेच्या प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षांतल्या कागदपत्रांचे आणि पत्रांचे. त्या खंडांना नागपूरची बदली मिळणार नव्हती, म्हणून सरांनीही घेतली नाही.

त्या सोळा खंडांत लढाया होत्या, तह होते, कर्जं होती. सरांना त्यातलं एकच आवडायचं: नेमणुका. नवं राष्ट्र, कोरं सरकार, एकेका बंदराला, एकेका न्यायालयाला माणूस पाहिजे, आणि पहिल्या अध्यक्षाच्या टेबलावर अर्जांचा ढीग. जुने शिपाई लिहितात, विधवा लिहितात, लढाईत सोबत असलेले आठवण करून देतात. "अध्यक्षाले सगळे ओळखतात," सर म्हणायचे, "पण एवढ्या दूरदूरच्या गावचे लोक त्याले कसे माहीत असणार? तो कोणाला तरी विचारत होता. हा माणूस कसा आहे, तो कसा आहे. त्या सांगणाऱ्याचं नाव इतिहासात बारीक अक्षरात येते. पण राज्य कसं चालणार हे त्या बारीक अक्षरावर असते." सांगणाऱ्याने खोटं सांगितलं, की देश पुढची तीस वर्षं ते फेडत बसतो.

मग पुतण्याची गोष्ट यायची. दर वर्षी, दर वर्गाला. अध्यक्षाच्या सख्ख्या पुतण्याने सरकारी वकिलाची जागा मागितली, आणि चुलत्याने पत्र लिहून नकार दिला. हे सांगताना सर खडू खाली ठेवत. पुढच्या एका अध्यक्षाने माणूस नेमताना विचारायचे तीन प्रश्न सांगितले होते; तेही सर फळ्यावर लिहायचे: प्रामाणिक आहे का, लायक आहे का, घटनेशी इमानी आहे का. त्याच अध्यक्षाने जागा मात्र आपल्याच पक्षाच्या माणसांनी भरल्या, असं एका मुलाने एकदा म्हटलं. सर म्हणाले, "बरोबर. म्हणून प्रश्न लक्षात ठेव, अध्यक्ष विसर."

आणि शेवटी त्यांचं ते वाक्य, जे कॉलेजात मुलं एकमेकांना नकलेने म्हणून दाखवत: "ओळख असली की ओळखता येत नाही."

या वाक्याचा इतिहास मला एकदाच कळला. नर्मदेच्या ग्वारीघाटावर कोणाच्या तरी क्रियाकर्माला गेलो होतो आणि बाकीचे पाण्यात उतरल्यावर आम्ही दोघे पायऱ्यांवर बसलो होतो. सर मॅट्रिकला त्यांच्या तालुक्यात पहिले आले होते. तहसिलीत कारकुनाची जागा होती. साहेबाने निकालाचा कागद पाहिला, नाव विचारलं, वस्ती विचारली, आणि म्हणाला, तुझी इथे कोणाशी ओळख आहे का? "आता आमच्या वस्तीतल्या पोराची ओळख कोणाशी असणार?" सर म्हणाले. "ओळख होण्यासाठी आधी कोणाच्या तरी घरात जावं लागते. आम्हाले तर अंगणातच थांबवत." जागा चौथ्या आलेल्याला मिळाली. सर पायी घरी आले आणि त्यानंतर शिकतच राहिले. सगळं घर बौद्ध झालं, थोरला भाऊ जबलपूरच्या तोफा-बंदुकांच्या कारखान्यात लागला. पण तो प्रश्न सरांच्या कानातून गेला नाही. डब्यातलं प्रत्येक बंद पाकीट म्हणजे त्या साहेबाला दिलेलं उत्तर होतं. मला हे कळलं तेव्हा माझं पाकीट आठवून मी पाण्याकडे पाहत बसलो.

त्यांनी आयुष्यात एकच यशस्वी शिफारस केली, तीही चुकून. कचेरीचा कारभार हिंदीत आला त्या वर्षी सगळ्यांना हाताखालच्या माणसांबद्दल हिंदीत शेरे लिहायला सांगितलं. सरांच्या विभागात एक शिपाई होता, येणाऱ्याजाणाऱ्याची टिंगल करण्यात पटाईत. सरांनी लिहिलं, "यह बहुत चेष्टा करता है।" मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, धडपड. वरच्या साहेबांनी वाचलं: हा फार कष्टाळू आहे. वर्षभरात तो मुख्य शिपाई झाला, आणि सरांच्या पाया पडायला पेढे घेऊन आला. सरांनी पेढा खाल्ला. "एका माणसाची भाकरी मोठी झाली," म्हणाले, "आणि मले हिंदी आली."

आता बद्रीप्रसाद. हा सरांचा जुना विद्यार्थी. अभ्यासात अत्यंत सामान्य, पण वर्गात पहिल्या बाकावर बसायचा, आणि सर आत आले की सगळ्यांच्या आधी उठायचा. काही माणसांचं पुढे काय होणार हे अशा उठण्यावरून सांगता येतं. यथावकाश तो मंत्री झाला. गळ्यातले हार उतरण्याआधीच त्याने भाषणांत सांगायला सुरुवात केली की राज्य कसं चालवावं हे मी मेश्राम सरांकडून शिकलो. सरांकडून तो काय शिकला हे उत्तरपत्रिकांत नोंदलेलं होतं, पण उत्तरपत्रिका कोण काढणार?

एक दिवस सरांना मंत्र्याकडून लिफाफा आला. सरांनी नेहमीप्रमाणे "ठेवतो" म्हटलं आणि तो डब्यात टाकला. पंधरा दिवसांनी जीप आली. तीमधून उतरलेल्या पी.ए.ने हात जोडून विचारलं की मंत्रीजींच्या पत्राला उत्तर का नाही. सर म्हणाले, कोणाची शिफारस होती? पी.ए. म्हणाला, "सर, शिफारिश नहीं है। आपसे सलाह माँगी है।"

तो लिफाफा मात्र सरांनी फोडला. सिविल लाइंसमधल्या एका जुन्या बंगल्यात सरकार मोठं ग्रंथालय काढणार होतं. खालच्या जागा परीक्षेने भरायच्या होत्या. पण प्रमुखाची जागा थेट नेमणुकीची होती. बद्रीप्रसादने लिहिलं होतं: सर, आपण नाव द्या, मी डोळे मिटून सही करतो.

सरांना इतकं आनंदलेलं मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. पंचवीस वर्षं ते त्या बारीक अक्षरातल्या माणसाबद्दल बोलत आले होते. आता कोणीतरी त्यांनाच तो माणूस व्हायला सांगत होतं. ते मला म्हणाले, "देशकर, वही आण." वहीत त्यांनी तीन रकाने आखले, फळ्यावरचे तीन प्रश्न घालून.

तीन महिने आम्ही हे काम केलं. म्हणजे त्यांनी केलं, मी लिहिलं. कोट काढून ठेवून, साधा सदरा घालून, सर सायकलवरून गावातल्या एकेका वाचनालयात, शाळेत, कचेरीतल्या पुस्तकांच्या खोलीत जायचे आणि तिथे नसणारं एखादं पुस्तक मागायचे. कोणी न पाहताच "नहीं है" म्हणे. कोणी पाहून म्हणे. हा दुसरा रकाना. पहिल्यासाठी त्यांच्या आणखी युक्त्या होत्या. तिसऱ्याबद्दल मीच विचारलं, की पुस्तकं देणारा माणूस घटनेशी इमानी आहे हे कसं तपासणार?

"सोपं आहे. असलेलं पुस्तक मागतो. नाव विचारतात, तर मेश्राम सांगतो. मंग पुस्तक हातात येते का टेबलावर पडते, तेवढं पाहतो."

वहीत काही नावांपुढे नुसतं 'टेबल' असं लिहिलेलं आहे.

सगळ्यांत शेवटी ते मला म्हणाले, एका ठिकाणी तू जा, मले तिथं ओळखतात. ते ठिकाण म्हणजे मुलींची एक शाळा, आणि तिथे ग्रंथपाल होती विमल, सरांची पुतणी. कारखान्यातला थोरला भाऊ ती नऊ वर्षांची असताना गेला, तेव्हापासून सरांनी तिला आणि वहिनींना आपल्याकडे आणलं होतं. स्वतः लग्न केलं नव्हतं. ती त्यांच्या पुस्तकांत वाढली. ग्रंथपालाची पदविका तिने पहिल्या वर्गात घेतली आणि सहा वर्षं त्या शाळेत हंगामी राहिली. दर उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि जुलैत पुन्हा लागायची, तीही संस्थेच्या चिटणिसांना आठवण राहिली तर.

मी गेलो. शाळेने सूचीच्या कार्डांसाठी काही दिलेलं नव्हतं. विमलने ओळखीपाळखीतून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या होत्या आणि त्या एकसारख्या कापून मागच्या कोऱ्या बाजूवर सगळ्या पुस्तकांची सूची केली होती, हिंदीत, मराठीत आणि इंग्रजीत. मुली खोका उघडून भराभर कार्डं चाळत होत्या. एका बाजूला 'भूगोल: नद्या', दुसऱ्या बाजूला चि. सौ. कां. आणि मुहूर्त. मी एक पुस्तक मागितलं, जे तिथे नव्हतं. विमल म्हणाली, "इथं नाही, पण तुमच्याच कॉलेजात आहे. डावीकडचं तिसरं कपाट. तुम्हीच तर लावलं ना भैया?" मग हसून म्हणाली, "काकांनी पाठवलं ना परीक्षा घ्यायला? सांगा, पास झाली की नाही?"

मी सगळं तसंच्या तसं लिहून दिलं. सरांनी वाचलं, पेन्सिलीने पाच नावांची यादी केली, आणि पहिलं नाव विमलचं लिहिलं. मी ते पाहिलं. पेन्सिल जरा वेळ त्या नावावर टेकलेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला यादी पक्क्या अक्षरात उतरवायला दिली. तीत चार नावं होती. पहिलं खोडलेलं.

मी म्हटलं, सर, पण सगळ्यांत चांगली तीच आहे.

"पुतणी आहे."

मी म्हटलं, तुम्हीच लिहिलं होतं तिचं नाव.

"म्हणूनच खोडलं," ते म्हणाले, आणि मला पुतण्याची गोष्ट पुन्हा ऐकवली, खडू नसतानाही हात तसाच खाली ठेवून. मी चार नावं उतरवून दिली. माझं अक्षर चांगलं होतं. त्या प्रकरणातला माझा वाटा एवढाच, आणि तो मला पुरला आहे.

यादी गेली. महिन्याभराने नेमणूक झाली. चौघांपैकी कोणीच नव्हतं. प्रमुख झाले मंत्र्याच्या पत्नीचे सख्खे भाऊ. तोवर ते सिमेंटची एजन्सी पाहत. पदविका त्यांच्याकडेही होती. दूरच्या कोण्या गावाहून टपालाने आलेली, आणि पुस्तकांशी त्यांचा संबंध बहुधा तेवढ्या एका कागदापुरताच होता. परीक्षेने भरलेल्या जागांत विमल पहिली आली, म्हणून तिला काउंटरवरच्या मदतनिसाची जागा मिळाली. म्हणजे पुस्तकं ती देणार, आणि सही सिमेंट करणार.

मला वाटलं होतं, सर उद्घाटनाला जाणार नाहीत. ते गेले, कारण दुसऱ्या दिवसापासून विमल तिथे कामाला लागणार होती, आणि आपण रुसलो तर तो राग तिच्यावर निघेल, असं त्यांना वाटलं असावं. बंगल्याला झेंडूच्या माळा. मंडपात हिंदी मंडळी पुढे. मागे तीन रांगा आम्ही मराठी, रेल्वेतले, कारखान्यातले, कॉलेजातले, सर आमचे म्हणून आलेले. भिंतीवर संगमरवरी पाटी. मंत्र्याचं नाव दुरून वाचता येईल एवढं, आणि अगदी खाली, जवळ गेल्यावर दिसेल असं: मार्गदर्शक, प्रो. मेश्राम. सर ते वाचून म्हणाले, "बारीक अक्षर. बरोबर आहे."

सरांना शाल घातली, नारळ दिला. तो नारळ कुठे ठेवावा हे त्यांना समारंभभर कळलं नाही. मग बद्रीप्रसाद उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "सर ने हमें जो सिद्धांत सिखाए, मैंने जीवन भर उनकी चेष्टा की है।"

वाक्यात बहुधा एखादा शब्द राहिला होता. 'उनके पालन की' म्हणायचं असेल. पण तो तसाच बोलला. पुढच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर सर एकदम मोठ्याने हसले, मान मागे टाकून, आणि आमच्याकडे पाहून मराठीत म्हणाले, "खरं बोलला." मागच्या तीन रांगा फुटल्या. मंत्र्याला वाटलं, भाषण रंगलं. त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

माझा राग त्या हसण्यात निघून गेला असता. पण कार्यक्रम संपल्यावर पायऱ्यांपाशी बद्रीप्रसादने वाकून सरांचे पाय धरले. सर म्हणाले, यादीचं काय झालं? तो जरासुद्धा गडबडला नाही. म्हणाला, यादी उत्तम होती. पण माणूस पारखून घ्यावा हे आपणच शिकवलंत. "इसे तो मैं बीस साल से परख रहा हूँ, सर।" मग बाजूला फुलांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या विमलकडे त्याची नजर गेली. "और आपने अपनी भतीजी का नाम क्यों नहीं दिया? आप देते तो मैं मना करता क्या?"

हा माणूस खोटं बोलत होता की खरं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. दोन्ही तितकंच संतापजनक आहे. विमलने ताट दुसऱ्या बाईच्या हातात दिलं.

खुर्चीवर राहिलेली शाल द्यायला मी संध्याकाळी सरांकडे गेलो. विमलने चहा आणला. उभीच राहिली.

"काका, माझं नाव होतं का यादीत?"

सर म्हणाले, होतं. खोडलं.

"काहून?"

"पुतणी होतीस म्हणून. त्या अध्यक्षानं..."

"ती गोष्ट मले पाठ आहे," विमल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पुतण्याला नाही म्हटलं, हे तुम्ही पंचवीस वर्षांपासून सांगून राहिले. काहून नाही म्हटलं, हे एकदा तरी वर्गात सांगितलं? ते पत्र मी वाचलं आहे काका. सुट्टीत तुमच्या लाल पुस्तकांची धूळ पुसायला मलेच तर नेत होते तुम्ही. तो पोरगा वकिलीत नवा होता. त्याच्यापेक्षा जुने, नावाजलेले वकील त्याच जागेसाठी होते. लोकांची नजर आहे असंबी लिहिलं त्यानं, हाव, तेबी खरं. पण आधी हे लिहिलं. आता सांगा, तुमच्या यादीत माझ्यापेक्षा चांगलं कोण होतं?"

 मला माहीत होतं की कोणी नव्हतं. वही माझ्याच अक्षरात होती. मला हेही माहीत होतं, आणि सरांना तर होतंच, की तोच पुतण्या पुढे दुसऱ्या अध्यक्षाने देशाच्या सर्वोच्च न्यायालयात नेमला आणि तो तिथे तीसेक वर्षं न्यायाधीश होता. गोष्टीचा हा भाग फळ्यापर्यंत कधी आला नाही.

"तुम्हाले कोणी विचारलं होतं ना, तुझी ओळख आहे का म्हणून?" विमल म्हणाली. "आपल्या अख्ख्या खानदानात शिफारस करू शकणारा एक माणूस निघाला. एकच. अन् तो बी गप्प बसला." मग कप उचलता उचलता म्हणाली, "मंत्र्यानं मेहुण्याला ओळखलं. तुम्ही मला ओळखलं नाही."

सरांनी चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याला. त्यात साखर घालायची राहिली होती हे मला माझ्या कपावरून कळलं.

सरांना थोर म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या तत्त्वनिष्ठेची ही गोष्ट मी दोन शोकसभांत ऐकली, मान डोलावून सांगितलेली: बघा, सख्ख्या पुतणीचंसुद्धा नाव खोडलं. मला त्या दोन्ही वेळा उठून जावंसं वाटलं. ज्याच्या घरात चिठ्ठ्या देणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्याने एखादी चिठ्ठी नाकारली तर त्याचं काय जातं? त्याच्या पोराला दुसरी मिळते. माझ्याच काकांनी मला दुसरी दिली असती. विमलला देणारा एकच हात होता, आणि तो स्वच्छ ठेवण्याच्या नादात त्याने तिचं नाव पुसलं. मंत्र्याचा मला राग येतो, पण आश्चर्य वाटत नाही. सरांचा राग येतो, तो मात्र अजून जात नाही. कारण त्यांना ते कळलं होतं, आणि कळल्यावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या दिवसानंतर चिठ्ठी आली की ते फोडून वाचू लागले. काही जणांना ते परत बोलावत, बसवत, प्रश्न विचारत. पण निवृत्ती जवळ आली होती आणि चिठ्ठ्याही कमी झाल्या होत्या. पी.ए. पुन्हा आला नाही. घरात विमल त्यांच्याशी बोलत असे, जेवायला वाढत असे. ती अबोला धरणाऱ्यांतली नव्हती. फक्त पुस्तकांबद्दल ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. त्या घरात एवढं पुरेसं होतं.

उद्घाटनानंतर सिविल लाइंसच्या ग्रंथालयात सरांनी पाऊल टाकलं नाही. पण निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कॉलेजने जुनी पुस्तकं तिकडे हलवायची ठरवलं, आणि त्यांत ते सोळा लाल खंड गेले. हातगाडीवर बांधून मीच नेले. ज्यांच्यासाठी सरांनी नागपूर नाकारलं ते शेवटी मैलभर अंतरावर सिमेंटच्या ताब्यात गेले.

कॉलेजची देवाणघेवाणीची पुस्तकं पोचवायला मी आठवड्यातून एकदा तिथे जात असे. अशाच एका सकाळी दहाच्या सुमारास सर आले. तोच करडा कोट, कोपरावर ठिगळ. काउंटरवर चारपाच जण होते; सर रांगेत उभे राहिले. विमलने त्यांना पाहिलं, पण पुढच्यांचं काम क्रमानेच केलं. सरांची पाळी आली तेव्हा ती हिंदीत, सगळ्यांशी बोलते तशी म्हणाली, "जी, कहिए।"

सर म्हणाले, सदस्य व्हायचं आहे.

तिने फॉर्म काढला, काउंटरवर न ठेवता त्यांच्या हातात दिला. सरांनी उभ्याने भरला. नाव, वय, पत्ता. मग हात थांबला. खाली एक ओळ होती: पहचान कराने वाले का नाम, और आवेदक से संबंध. सरांनी चष्मा वर केला.

"तू ओळखतेस का मले?"

विमलने फॉर्म आपल्याकडे ओढला. आपलं नाव लिहिलं. पुढच्या ओळीशी ती थांबली, आणि त्या काउंटरवर पहिल्यांदा मराठीत बोलली. "नातं काय लिहू? लिहू ना?"

"जे आहे ते लिही."

तिने लिहिलं. शिक्का मारला. मग म्हणाली, आता वर प्रमुखांची सही लागेल, त्याशिवाय पुस्तक देता येत नाही. ते आले की मी नेते आत. सर बरं म्हणाले, आणि भिंतीजवळच्या बाकावर, त्या संगमरवरी पाटीखाली, फॉर्म गुडघ्यावर ठेवून बसले.

अकरा वाजले. साडेअकरा. साहेबांच्या खोलीचा पंखा चालू होता आणि खुर्ची रिकामी होती. मी पुस्तकं मोजून घेतली, निघायला लागलो. दारातला शिपाई नवा होता. त्याने सरांकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि जवळ जाऊन, उर्मटपणे नाही, शहाणपण सांगावं तसं म्हणाला, "दादा, साहब का कोई भरोसा नहीं। अंदर कोई पहचान है आपकी?"

सरांनी काउंटरकडे पाहिलं. विमल कार्डं लावत होती.

"हाँ भैया," ते म्हणाले. "इस बार पहचान से ही आया हूँ।" आणि फॉर्म नीट धरून बसून राहिले.